उन्हाळी प्रेमकथा आणि ख्रिस्ती वाचकाचा आक्षेप

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘द समर आय टर्न्ड प्रिटी’ ही अमेरिकन मालिका तीन पर्वांनंतर संपली. जेनी हान या लेखिकेच्या २००९, २०१० आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन कादंबऱ्यांवर ती आधारलेली आहे. बेली नावाची मुलगी, तिच्या आईच्या जिवलग मैत्रिणीचे समुद्रकिनाऱ्यावरील घर, त्या मैत्रिणीचे दोन मुलगे आणि सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा एक उन्हाळा, एवढ्या साहित्यावर ही कथा उभी आहे. दोघा भावांपैकी बेली कोणाला वरणार, या प्रश्नावर देशोदेशींच्या मुलींनी हिरिरीने पक्ष घेतले. त्याच सुमारास, नियमाने उपासनेला जाणाऱ्या अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती घरांसमोर एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला : आपल्या मुलीने हे वाचावे काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी वाचलेली पुस्तके मनात खोलवर रुजतात. प्रेम म्हणजे काय, आपल्याकडे कोणी पाहिले म्हणजे आपले काय होते, दिलेला शब्द किती दिवस पाळावयाचा असतो, याविषयीच्या कल्पना याच वयात आकार घेतात. विवाहाला देवासमक्ष दिलेले वचन मानणाऱ्या धर्माच्या अनुयायांना या पुस्तकांविषयी चिंता वाटावी, हे स्वाभाविकच आहे. मात्र ही चिंता नेमकी कोणत्या गोष्टीची असावी, याचा विचार आजवर फारसा नीट झालेला नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी बहुधा चुकीच्या पानावर बोट ठेवले आहे आणि जे पान खरोखर वादाचे आहे ते न वाचताच पुस्तक मिटले आहे.

मोजणीची पद्धत

ख्रिस्ती पालकांसाठी पुस्तकांचे परीक्षण करण्याची एक रीत अमेरिकेत रूढ आहे. पुस्तकात चुंबने किती, अपशब्द किती, मद्यपानाचे प्रसंग किती आणि शय्येचा उल्लेख आहे की नाही, याची मोजदाद करावयाची आणि त्यावरून पुस्तक ‘सुरक्षित’ की ‘असुरक्षित’ हे ठरवावयाचे. या रीतीची सोय उघड आहे. पालकाला चारशे पाने वाचावी लागत नाहीत. परंतु ज्या हिशेबात फक्त मोजता येणाऱ्या बाबी धरल्या जातात, त्यात न मोजता येणाऱ्या बाबी शून्य धरल्या जातात, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. कादंबरीत तर न मोजता येणाऱ्या बाबीच मुख्य असतात.

या वाङ्मयाचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. अमेरिकेतील किशोरवयीनांच्या कादंबरीचा आरंभ पुष्कळ अभ्यासक ज्या पुस्तकापासून मानतात, ते मॉरीन डेली हिचे ‘सेव्हन्टीन्थ समर’ हे पुस्तक १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ती एका उन्हाळ्याचीच प्रेमकथा आहे. डेलीचा जन्म आयर्लंडमधला. ती विस्कॉन्सिन राज्यातील फाँ दु लाक या गावी वाढली आणि महाविद्यालयात शिकत असतानाच तिने ही कादंबरी लिहिली. कथेतील अँजी मॉरो ही सतरा वर्षांची मुलगी नुकतीच शालेय शिक्षण संपवून घरी आहे. बेकरीवाल्याचा मुलगा जॅक डुलुथ तिला तळ्यावर नौकाविहाराला बोलावतो आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत दोघे एकमेकांत गुंतत जातात.

पुस्तक प्रकाशित झाले ते एका लौकिक प्रकाशनसंस्थेतर्फे. त्यात धर्मोपदेश नाही. तरीही ख्रिस्ती वाचकाला त्यात जे सापडावे ते पुष्कळ आहे. अँजीचे प्रेम घरकामाच्या, जेवणाच्या टेबलाच्या आणि बहिणींच्या सहवासात वाढते. जॅक तिच्या घरी जेवायला येतो तेव्हा त्याचा चमचा दातांवर वाजतो, आणि या क्षुल्लक गोष्टीची तिला लाज वाटते. आपल्या लाजेत वर्गभेदाचा अंश आहे हे तिच्या हळूहळू ध्यानी येते, आणि त्या लाजेचीच तिला लाज वाटू लागते. तिची थोरली बहीण लोरेन एका बेपर्वा पुरुषाच्या मागे स्वतःचा मान घालवते आणि अँजी ते जवळून पाहते. शेवटी जॅक लग्नाची गोष्ट काढतो. अँजी मात्र शिक्षणासाठी शिकागोला निघते. उन्हाळा संपतो आणि त्याच्याबरोबर ते प्रेमही संपते. प्रेमाला घर असते, त्याला शेजार असतो, त्याचे परिणाम दुसऱ्यांवर होतात आणि त्याच्यापुढे काळ उभा असतो, हे सारे या पुस्तकात आहे. चुंबने मोजणाऱ्याच्या तक्त्यात यातील काहीही उतरत नाही.

‘कायमचे’ या शब्दाचा शेवट

उलट उदाहरण ज्यूडी ब्लूम हिच्या ‘फॉरेव्हर’ या कादंबरीचे. १९७५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक अमेरिकन ग्रंथालयांत सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक आहे. २०२४ मध्ये युटा राज्याने सर्व सार्वजनिक शाळांतून काढून टाकावयाच्या तेरा पुस्तकांची यादी जाहीर केली, तिच्यातही त्याचे नाव होते. पुस्तकातील शारीर संबंधांचे वर्णन स्पष्ट आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तारुण्यात पाऊल टाकलेल्या मुलामुलींनी संबंध ठेवले म्हणून कथेत त्यांना मरणाची किंवा बदनामीची शिक्षा होऊ नये, अशी गोष्ट आपल्या मुलीला हवी होती, म्हणून हे पुस्तक लिहिले, असे ब्लूम यांनी सांगितले आहे. आपली मुलगी अद्याप लहान आहे असे वाटणाऱ्या पालकाने हे पुस्तक तिच्या हाती उशिरा द्यावे, हा त्याचा अधिकार आहे.

परंतु ते पुस्तक शेवटपर्यंत वाचले तर काय आढळते? कॅथरीन आणि मायकेल एकमेकांना ‘कायमचे’ असे वचन देतात. मायकेल तिला गळ्यात घालावयाला त्या शब्दाची अक्षरे कोरलेली साखळी देतो. त्यांच्या नात्याची परीक्षा पाहण्यासाठी आईवडील तिला उन्हाळ्यात एका शिबिरात टेनिस शिकविण्याच्या कामावर धाडतात. तेथे तिला दुसरा एक तरुण भेटतो. आजोबांच्या मृत्यूची बातमी येते तेव्हा दुःखाच्या भरात ती त्याच्याकडे ओढली जाते, आणि ‘कायमचे’ हा शब्द आपण पेलू शकत नाही, हे तिला कळून चुकते. ज्या शब्दावर विवाहसंस्था उभी आहे, तो शब्द सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या तोंडी किती हलका होतो, याची ही कथा आहे. लेखिकेला यातून वेगळा निष्कर्ष काढावयाचा आहे : शब्द मोडला तरी आयुष्य मोडत नाही, असे तिचे म्हणणे. ख्रिस्ती वाचकाला तेथेच तिच्याशी वाद घालता आला असता, आणि तो वाद दोन्ही बाजूंना काही शिकवून गेला असता. पण वाद व्हावयास पुस्तक फडताळावर असावे लागते.

पुस्तकांची दुकाने आणि मुलींचे पैसे

१९७९ नंतर या वाङ्मयाचे स्वरूप पालटले. त्यामागे आर्थिक कारण होते. तोपर्यंत किशोरांची पुस्तके मुख्यतः ग्रंथपाल आणि शिक्षक खरेदी करीत. आता स्वस्त, कागदी बांधणीची पुस्तके थेट मुलींच्या हातखर्चाच्या पैशांवर विकता येतील, हे प्रकाशकांच्या ध्यानी आले. स्कोलॅस्टिकची ‘वाइल्डफायर’, बँटमची ‘स्वीट ड्रीम्स’, सिलूएटची ‘फर्स्ट लव्ह’ अशा मालिका एकापाठोपाठ निघाल्या. १९८३ मध्ये ‘स्वीट व्हॅली हाय’ आली. यांत साचा ठरलेला असे : एकाकी मुलगी, देखणा मुलगा, गैरसमज आणि मीलन. कित्येक पुस्तके मोजणीच्या पद्धतीने पाहता अगदी निर्मळ होती. चुंबनापलीकडे त्यांत काही नसे. म्हणून अनेक धार्मिक पालकांना ती चालण्यासारखी वाटली असल्यास नवल नाही.

या मालिकांवर पहिला कठोर हल्ला केला तो स्त्रीवादी आणि समतावादी टीकाकारांनी. मुलीचे मोल कोणा मुलाने तिची निवड केली म्हणजे सिद्ध होते, अशी शिकवण ही पुस्तके देतात, असा त्यांचा आक्षेप होता. वस्तुतः हा आक्षेप ख्रिस्ती मंडळीने प्रथम घ्यावयास हवा होता. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, असे उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय सांगतो. म्हणजे मनुष्याचे मोल कोणी मागणी करण्यापूर्वीच ठरलेले आहे. बाजारात वस्तूची किंमत मागणीवर चढते-उतरते. माणसाच्या बाबतीत तसे होत नाही, हे ख्रिस्ती विचाराचे सार आहे. ‘ज्या उन्हाळ्यात मी सुंदर झाले’ या आशयाच्या शीर्षकाला म्हणूनच ख्रिस्ती वाचकाने विचारावे : आधीच्या पंधरा उन्हाळ्यांत ती कोण होती? दोन मुलांच्या नजरेने तिच्यात असे कोणते मोल घातले, जे तिच्यात पूर्वी नव्हते?

हा प्रश्न विचारणारा वाचक जेनी हान हिच्या कादंबरीला न्यायही अधिक देईल. कारण त्या कथेत एक दुसरे प्रेम आहे. बेलीची आई आणि तिची मैत्रीण सुझाना यांचे. सुझानाला कर्करोग झालेला आहे. आजारपणात आणि मरणाच्या छायेत टिकून राहणारे, बदल्यात काही न मागणारे प्रेम या पुस्तकात कोठे असेल, तर ते या दोन प्रौढ स्त्रियांमध्ये आहे. ख्रिस्ती विवाहविधीत सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात साथ देण्याचे जे वचन वधूवर देतात, त्याची छाया या मैत्रीवर पडलेली दिसते. हे बेलीला दिसते की नाही, आणि आपल्या मुलीला दिसले की नाही, हा पालकाने तिच्याशी बोलण्याचा विषय आहे.

दुसरे फडताळ

आक्षेपाला प्रत्यक्ष कृतीची जोड देणारेही ख्रिस्ती वाचक झाले. रॉबिन जोन्स गन या लेखिकेची हकीकत या संदर्भात उद्बोधक आहे. मंडळीच्या तरुण गटातील मुलींच्या हातातील कादंबऱ्या तिने वाचून पाहिल्या, तिला त्या पसंत पडल्या नाहीत, आणि मग आम्ही वाचावे तरी काय, असे मुलींनीच तिला विचारले. त्यातून १९८८ मध्ये ‘समर प्रॉमिस’ ही कादंबरी निघाली. तिची नायिका क्रिस्टी मिलर विस्कॉन्सिनमधून कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर नातेवाइकांकडे सुट्टीला येते, टॉड या श्रद्धाळू मुलाला भेटते आणि त्याच उन्हाळ्यात स्वतः ख्रिस्ताचा स्वीकार करते. पुढे या मालिकेची अनेक पुस्तके निघाली आणि एका पिढीने ती आवडीने वाचली.

निषेध करून थांबण्यापेक्षा लिहिणे केव्हाही श्रेयस्कर. मराठी वाचकाला यात काही नवे वाटू नये. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ते ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने विधवांची दुःखे मांडण्यासाठी लिहिले. धर्मश्रद्धेने कादंबरीचा त्याग न करता तिला कामाला लावले, याचे ते उदाहरण आहे. मात्र तेथे कादंबरीची नजर समाजातील एका जळत्या अन्यायावर होती. अमेरिकेतील ख्रिस्ती प्रेमकथांत ती नजर अनेकदा लौकिक कथेच्या साच्यावरच खिळलेली राहिली. समुद्रकिनारा तोच, देखणा मुलगा तोच, निवडले जाण्याची ओढ तीच. फरक इतकाच की मुलगा आता प्रार्थना करतो. क्रिस्टी आणि टॉड यांचा विवाह अनेक पुस्तकांनंतर होतो. संयम राखणाऱ्या मुलीला शेवटी मनाजोगता वर मिळतो, अशी समजूत वाचणारीच्या मनात राहिली, तर संयमाला एका व्यवहाराचे रूप येते. ठेव ठेवावी आणि मुदत संपताच व्याजासह परत घ्यावी, असा तो व्यवहार. ख्रिस्ती धर्मशास्त्रात कृपा अशी कमवावी लागत नाही. ज्या मुलीला असा वर मिळत नाही, अथवा जिचा पाय एकदा घसरला, तिला हे पुस्तक काय सांगते? लौकिक कथेला लावलेली कसोटी धार्मिक कथेलाही लावणे, हीच प्रामाणिक वाचकाची खूण होय.

शपथ आणि यादी

१९९३ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी विवाहापर्यंत ब्रह्मचर्य पाळण्याच्या शपथेची मोहीम सुरू केली. पुढच्याच वर्षी अशी दोन लाखांहून अधिक शपथपत्रे राजधानी वॉशिंग्टनमधील हिरवळीवर मांडण्यात आली. १९९७ मध्ये जोशुआ हॅरिस या तरुणाचे, विवाहाच्या हेतूविना मुलामुलींनी एकत्र फिरण्याची चालच सोडून द्यावी असे सांगणारे पुस्तक निघाले आणि ते प्रचंड खपले. या साऱ्याचे फळ काय? समाजशास्त्रज्ञ पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुकनर यांनी २००१ मध्ये दाखविले की शपथ घेणाऱ्यांचा पहिला संबंध सरासरी दीड वर्ष लांबतो. पण हा परिणाम शाळेत शपथ घेणारे थोडे असतात तेव्हाच टिकतो. सर्वांनीच शपथ घेतली की ती निष्प्रभ होते. २००९ मध्ये जॅनेट रोझेनबॉम यांनी, मुळात सारखीच मनोवृत्ती असलेल्या मुलामुलींची तुलना केली. पाच वर्षांनंतर शपथ घेणारे आणि न घेणारे यांच्या लैंगिक वर्तनात फरक आढळला नाही. शपथ घेणाऱ्यांत गर्भनिरोधाचा वापर मात्र कमी होता, आणि त्यांच्यापैकी ८२ टक्के जणांनी आपण अशी शपथ घेतल्याचेच नाकारले. हॅरिस यांनी २०१८ मध्ये आपल्या पुस्तकाबद्दल खेद व्यक्त करून त्याचे प्रकाशन थांबविले.

या आकड्यांवरून संयमाचे तत्त्व खोटे ठरत नाही. कागदावर सही घेऊन किंवा पुस्तक दृष्टीआड करून मनाचे वळण बदलत नाही, एवढे मात्र त्यावरून ठरते. याद्यांचा सर्वांत दीर्घ अनुभव ख्रिस्ती जगातच आहे. रोमच्या धर्मपीठाने निषिद्ध ग्रंथांची सूची १५५९ मध्ये काढली आणि चारशे वर्षांनी, १९६६ मध्ये, तिची सक्ती रद्द केली. ज्या काळात मुलीच्या हातातील यंत्रावर वाटेल ते पुस्तक क्षणात उतरते, त्या काळात शाळेच्या फडताळावरून ते काढण्याने साधते एवढेच की ती ते गुपचूप वाचते. आणि गुपचूप वाचलेल्या पुस्तकाविषयी घरात कोणाशी बोलता येत नाही. अशा बंदीची किंमत पडते ती येथे. ती लेखिकेला मोजावी लागत नाही, प्रकाशकाला तर नाहीच नाही. एका पंधरा वर्षांच्या मुलीला ती मोजावी लागते, कारण तिच्या मनातील सर्वांत मोठा प्रश्न विचारण्यासाठी आता आईही उरत नाही आणि पाळकही उरत नाही.

योग्य आक्षेप

चौथ्या शतकात कैसरियाचा धर्माध्यक्ष बेसिल याच्यापुढे हाच प्रश्न होता. त्याच्या काळचे ख्रिस्ती तरुण होमर आणि हेसिओड वाचीत आणि त्यांत देवादिकांचे व्यभिचार होते. बेसिलने त्या ग्रंथांवर बहिष्कार घातला नाही. मधमाशी सर्व फुलांवर सारखी बसत नाही आणि बसते त्या फुलातील सारेच उचलीत नाही; तसे वाचावे, असे त्याने तरुणांना समजावले. त्यासाठी अर्थातच, त्या तरुणांशेजारी बसून ते ग्रंथ वाचलेला कोणीतरी मोठा माणूस असावा लागतो. बेसिलने ते वाचलेले होते.

आजच्या ख्रिस्ती वाचकाचे काम यापेक्षा निराळे नाही. पवित्र शास्त्रात ‘गीतरत्न’ हे पुस्तक आहे, त्यात तरुण स्त्रीपुरुषांच्या ओढीचे वर्णन कसलाही संकोच न बाळगता केलेले आहे, आणि प्रेमाला त्याच्या वेळेपूर्वी जागे करू नये असा इशाराही त्यातच तीनदा येतो. म्हणजे ओढ ही निषिद्ध नाही. प्रश्न आहे तो वेळेचा आणि वचनाचा. उन्हाळी प्रेमकथेचे वैगुण्य नेमके येथे असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा नसते, घराच्या जबाबदाऱ्या सैल असतात, समुद्रकिनाऱ्यावरील घर कोणाच्या तरी पैशाने चालते, आणि प्रेमाला कोणत्याही गोष्टीची किंमत द्यावी लागत नाही. सप्टेंबरमध्ये शाळा उघडतात तेव्हा त्या प्रेमाचे काय होते, हे ज्या कथेत सांगितलेले असते ती कथा, तिच्यात काहीही असो, वाचण्याच्या योग्यतेची असते. जी कथा ते सांगत नाही, ती कितीही सोवळी असली तरी मुलीची फसवणूक करते.

अशा कसोटीवर डेली उतरते, ब्लूम बऱ्याच अंशी उतरते, हान काही अंशी उतरते, आणि ‘सुरक्षित’ म्हणून विकली जाणारी कितीतरी पुस्तके नापास होतात. हा निकाल अनेक पालकांना रुचणार नाही. परंतु तो देण्यासाठी पुस्तक उघडावे लागते आणि शेवटच्या पानापर्यंत जावे लागते. आईने आधी ते स्वतः वाचावे, मग मुलीशी बोलावे. मुलगी काय म्हणते ते प्रथम ऐकून घ्यावे आणि आपले मत त्यानंतर सांगावे. शपथपत्रावर सही घेण्यापेक्षा यात वेळ अधिक जातो. पण वेळ देणे हाच प्रेमाचा पुरावा आहे, असे आपल्या मुलीला शिकवू पाहणाऱ्याने तो वेळ आधी स्वतः द्यावयास हवा.